गोळी निवडण्यापूर्वी : किशोरवय आणि मल्टिव्हिटॅमिनचा विचार

सुट्टी संपवून मुले-मुली वसतिगृहात परततात, तेव्हा त्यांच्या पेट्यांतून चिवड्या-लाडवांच्या डब्यांबरोबर अलीकडे आणखी एक वस्तू हमखास येऊ लागली आहे. ती म्हणजे मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्यांची बाटली. कोणी ती मेडिकल दुकानदाराच्या सांगण्यावरून घेतलेली असते, कोणी जाहिरात पाहून, तर कोणी शेजारच्या मुलाची उंची वाढली म्हणून. लेकराच्या काळजीपोटी, पोटाला चिमटा घेऊन विकत घेतलेल्या त्या बाटलीविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु वसतिगृहातील मुलांच्या आहाराची व आरोग्याची जबाबदारी सांभाळताना पालक आम्हांला एकच प्रश्न वारंवार विचारतात : ‘सर, यांतली चांगली गोळी कोणती?’ या प्रश्नाचे उत्तर एका नावाने देता येत नाही. ते उत्तर कसे शोधावे, हे मात्र सांगता येते. या स्मरणिकेच्या निमित्ताने तेच सविस्तर मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

जीवनसत्त्वे म्हणजे काय?

शरीराला अत्यल्प प्रमाणात लागणारी, पण ज्यांच्यावाचून शरीराचे व्यवहार अडून राहतात अशी द्रव्ये म्हणजे जीवनसत्त्वे. १९१२ साली कॅसिमिर फंक या शास्त्रज्ञाने त्यांना ‘व्हिटॅमिन’ हे नाव सुचविले. आज अशी १३ जीवनसत्त्वे ज्ञात आहेत. त्यांपैकी अ, ड, ई आणि के ही चार स्निग्ध पदार्थांत विरघळतात व शरीरात साठून राहतात. ब गटातील आठ आणि क जीवनसत्त्व ही पाण्यात विरघळतात. त्यांतील जादा भाग बहुतांशी लघवीवाटे निघून जातो. मल्टिव्हिटॅमिनची गोळी घेतल्यावर लघवी गर्द पिवळी दिसते, ती ब-२ या जीवनसत्त्वामुळे. त्यात घाबरण्यासारखे काही नाही; पण शरीराला नको असलेले बाहेर जात आहे, एवढा बोध त्यातून जरूर घ्यावा. लोह, कॅल्शियम, जस्त, आयोडीन ही जीवनसत्त्वे नव्हेत. ती खनिजे आहेत. मल्टिव्हिटॅमिन म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळीत ती असतीलच असे नाही, आणि इथेच पहिली गफलत होते. मुलीचे रक्त कमी आहे म्हणून आणलेल्या गोळीत लोहाचा कणही नसणे, हे अनेकदा पाहावयास मिळते.

किशोरवयात गरज वाढते, यात शंका नाही. उंची, स्नायू, हाडे, रक्त या सर्वांची वाढ याच वर्षांत झपाट्याने होते. मुलींच्या बाबतीत मासिक पाळीतून जाणारे रक्त भरून काढण्यासाठी लोह अधिक लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली भारतीयांसाठी दैनंदिन पोषणाच्या शिफारशी जाहीर केल्या. त्यांनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलीला दिवसाला ३० मिलिग्रॅम व मुलाला २२ मिलिग्रॅम लोह हवे. १६ ते १८ या वयात हेच आकडे ३२ व २६ होतात. कॅल्शियम १३ ते १५ या वयात १,००० मिलिग्रॅम, अ जीवनसत्त्व सुमारे ९०० मायक्रोग्रॅम, क जीवनसत्त्व ६५ ते ७० मिलिग्रॅम आणि ड जीवनसत्त्व ६०० आय.यू. हे आकडे पालकांनी एका कागदावर उतरवून ठेवावेत. पुढे गोळीचे पाकीट वाचताना हीच आपली मोजपट्टी होणार आहे.

उणीव कशाची आहे?

२०१६ ते २०१८ या काळात केंद्र सरकारने देशभर सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षण केले. त्यात १० ते १९ वयोगटातील ३७ टक्के मुलामुलींमध्ये फोलेटची, ३२ टक्क्यांमध्ये जस्ताची, ३१ टक्क्यांमध्ये बी-१२ ची, २४ टक्क्यांमध्ये ड जीवनसत्त्वाची आणि १६ टक्क्यांमध्ये अ जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वर्षांच्या ५९ टक्के मुली आणि ३१ टक्के मुलगे रक्तक्षयग्रस्त आढळले. म्हणजे वर्गात दहा मुली बसल्या असतील, तर त्यांतील सहा जणींचे रक्त कमी असण्याचा संभव आहे. जिना चढताना लागणारी धाप, अभ्यासात न लागणारे लक्ष, सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी येणारी भोवळ यांना आपण आळस म्हणून मोकळे होतो. ज्या घरातील पहिली मुलगी दहावीपर्यंत पोहोचली आहे, तिच्या यशापयशाचा निवाडा हिमोग्लोबिनच्या एका आकड्याने होऊ नये, ही आमची तळमळ आहे.

बी-१२ विषयी थोडे स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसते; दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून ते मिळते. प्राणिमात्रांविषयीच्या करुणेपोटी मांसाहार सोडलेली अनेक कुटुंबे आपल्यात आहेत, आणि त्यांचा तो निर्णय आदरणीय आहे. मात्र अशा घरांत दूध-दहीही पुरेसे नसेल, तर मुलांना बी-१२ बाहेरून द्यावे लागते. त्याची गरज फार थोडी असते, दिवसाला जेमतेम दोन ते अडीच मायक्रोग्रॅम. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील खेड्यांमधील किशोरवयीनांना दररोज केवळ २ मायक्रोग्रॅम बी-१२ देऊन अभ्यास केला. एवढ्या अल्प मात्रेनेही रक्तातील पातळी सुधारते असे त्यात दिसून आले. तेव्हा हजारोंचे आकडे छापलेली गोळीच गुणकारी, ही समजूत सोडून दिलेली बरी.

आधी जे विनामूल्य मिळते ते

बाजारात जाण्यापूर्वी शाळेत येणाऱ्या निळ्या गोळीकडे वळू. ‘ॲनिमिया मुक्त भारत’ या २०१८ पासूनच्या कार्यक्रमानुसार १० ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोह व फॉलिक आम्लाची निळी गोळी दिली जाते. तीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. शिवाय वर्षातून दोनदा अल्बेंडाझोल ही ४०० मिलिग्रॅमची जंतनाशक गोळी दिली जाते. आतड्यातील अंकुशकृमी रक्त पितात. ते असेपर्यंत कितीही महागडे टॉनिक घेतले तरी ते गळक्या रांजणात पाणी भरण्यासारखेच होय.

ही निळी गोळी फुकट मिळते, म्हणून तिची किंमत कमी समजली जाते. काही मुले ती खिशात घालतात व संध्याकाळी कुंपणापलीकडे टाकतात. मळमळ होते, शौचास काळे होते, ही त्यांची तक्रार असते. शौच काळे होणे हा लोहाचा स्वाभाविक परिणाम आहे. मळमळ टाळण्यासाठी गोळी उपाशीपोटी न घेता जेवणानंतर घ्यावी. गोळीच्या आधी व नंतर किमान तासभर चहा पिऊ नये, कारण चहातील द्रव्ये लोह शोषू देत नाहीत. दुधाबरोबरही ती घेऊ नये. जेवणात लिंबाची फोड, आवळा किंवा पेरू असेल, तर त्यातील क जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते.

सिकलसेलची चाचणी : आपल्या भागासाठी विशेष सूचना

विदर्भातील अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि काही अन्य समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष लक्षणीय प्रमाणात आढळतो. नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ सालीच मध्य भारतातील सिकलसेलची नोंद प्रसिद्ध केली होती. तरीही आजही अनेक घरांत ‘अंगात रक्त नाही’ एवढेच निदान होते आणि लोहाचे टॉनिक सुरू केले जाते.

या दोन रक्तक्षयांतील भेद समजून घेणे अगत्याचे आहे. साध्या रक्तक्षयात लोह कमी पडल्याने रक्त पुरेसे तयार होत नाही. सिकलसेल आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन लवकर फुटतात. तेथे लोहाची उणीव असेलच असे नाही. ज्यांना वारंवार रक्त चढवावे लागते, त्यांच्या शरीरात तर लोह घातक प्रमाणात साठते. अशा रुग्णास फॉलिक आम्ल दिले जाते. लोह मात्र तपासणीनंतर, डॉक्टरांनी सांगितले तरच. दोन्ही पालकांकडून दोष आलेला असेल तर तो ‘रुग्ण’, एकाकडूनच आला असेल तर ‘वाहक’. वाहक सहसा निरोगी आयुष्य जगतो आणि साप्ताहिक निळी गोळी त्याला सामान्यतः वर्ज्य नसते. म्हणून कोणतीही लोहयुक्त गोळी दीर्घकाळ सुरू करण्यापूर्वी हिमोग्लोबिन व सिकलसेल या दोन्ही चाचण्या करून घ्याव्यात. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानात शासकीय आरोग्य केंद्रांतून ही तपासणी केली जाते. यात लाज वाटण्याजोगे काहीही नाही. उलट, आपले कार्ड जवळ असणे हे सुजाणपणाचे लक्षण आहे. पुढे विवाह ठरविताना दोघेही वाहक आहेत काय, हे त्यावरूनच कळते.

पाकीट कसे वाचावे?

तपासणी झाली, डॉक्टरांनी किंवा परिस्थितीने गोळीची गरज दाखविली. आता निवड करू या.

पहिली गोष्ट, हातातील वस्तू औषध आहे की पूरक अन्न, हे पाहावे. पूरक अन्नाच्या वेष्टनावर भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचा १४ आकडी परवाना क्रमांक आणि ‘औषधी उपयोगासाठी नाही’ अशा अर्थाची सूचना असते. औषधाच्या वेष्टनावर औषधनिर्मितीचा परवाना क्रमांक असतो. पहिली वस्तू आहारातील उणीव भरून काढण्यापुरती, दुसरी उपचारासाठी. उपचाराच्या गोळीत ब गटातील जीवनसत्त्वे रोजच्या गरजेच्या कित्येक पट असू शकतात. ती ठरावीक मुदतीपुरतीच घ्यावयाची असते. ब-६ सारखे जीवनसत्त्वही मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास मज्जातंतूंना इजा करते.

दुसरी गोष्ट, समोरच्या बाजूचे मोठे अक्षर नव्हे, तर मागच्या बाजूचा बारीक तक्ता वाचावा. पाकिटावरील ‘व्हिटॅमिन सी’ म्हणजे पाठ्यपुस्तकातील क जीवनसत्त्व आणि ‘व्हिटॅमिन डी’ म्हणजे ड जीवनसत्त्व. प्रमाण एका गोळीचे दिले आहे की दोन गोळ्यांचे, हे पाहावे. ड जीवनसत्त्वाचा १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० आय.यू., हे ध्यानात ठेवावे. किशोरवयीनासाठी योग्य गोळी ती, जीत बहुतेक घटक वर दिलेल्या दैनंदिन शिफारशीच्या आसपास किंवा त्याहून थोडे कमी आहेत. कारण उरलेला भाग जेवणातून येतच असतो. २५ घटकांची यादी पाहून भुलू नये. एकही घटक पुरेसा नसलेली लांबलचक यादी ही नुसती शोभा होय.

तिसरी गोष्ट, साठून राहणाऱ्या जीवनसत्त्वांची बेरीज करावी. एक गोळी, एक टॉनिक आणि एक पावडर अशी तिन्ही एकाच वेळी घेणारी मुले असतात. तिन्हींत अ आणि ड असते. गोळीतील तयार अ जीवनसत्त्व अति झाल्यास डोकेदुखी, केस गळणे, यकृतास इजा असे परिणाम होतात. गाजर-पालकातून मिळणाऱ्या पिवळ्या द्रव्याचा असा धोका नाही. ड जीवनसत्त्वाची ६०,००० आय.यू. ची पुडी किंवा कॅप्सूल डॉक्टर बहुधा आठवड्यातून एकदा घ्यावयास सांगतात. ती चुकून रोज घेतली गेल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांवर ताण येतो. चिठ्ठीवरील ‘आठवड्यातून एकदा’ हे शब्द म्हणूनच मोठ्याने वाचून घ्यावेत.

चौथी गोष्ट, गोळीत काय मावू शकत नाही हे ओळखावे. दिवसाचे १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम एका छोट्या गोळीत बसत नाही. १०० ग्रॅम नाचणीत मात्र सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते.

पाचवी गोष्ट, अवास्तव दाव्यांपासून दूर राहावे. उंची वाढविणारी, बुद्धी तल्लख करणारी, महिनाभरात वजन वाढविणारी गोळी अस्तित्वात नाही. कमतरता असेल तर ती भरून निघाल्यावर वाढ पूर्ववत होते. कमतरता नसेल तर गोळी काहीही वाढवीत नाही. केसांसाठी मुली ज्या बायोटिनच्या गोळ्या घेतात, त्या बायोटिनची कमतरता मुळात विरळा असते. शिवाय मोठ्या मात्रेतील बायोटिनमुळे थायरॉइडसारख्या रक्तचाचण्यांचे निष्कर्ष चुकू शकतात. दुधात कालवण्याच्या पावडरींविषयी तर एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना त्या ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून काढण्यास सांगितले. कारण २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात असा काही प्रकारच नाही. अशा पावडरीच्या तक्त्यात प्रथम साखर किती आहे ते पाहावे.

सहावी गोष्ट, किंमत दिवसाची काढावी, बाटलीची नव्हे. ३० गोळ्यांची बाटली ४५० रुपयांना असेल, तर रोजचे १५ रुपये झाले. जनऔषधी केंद्रांत जीवनसत्त्वांच्या गोळ्या बऱ्याच स्वस्त मिळतात. घटक व प्रमाण सारखे असेल तर महाग नावामुळे गुण वाढत नाही. मुदत संपण्याची तारीख आणि झाकणाचे सील पाहावे. शाकाहारी कुटुंबांनी हिरवी खूण पाहावी, कारण कॅप्सूलचे आवरण अनेकदा प्राणिजन्य जिलेटिनचे असते.

इतर औषधे चालू असतील तर

चेहऱ्यावरील मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्यांनी अ जीवनसत्त्वाची गोळी घेऊ नये. ते औषध त्याच कुळातले आहे. डॉक्सिसायक्लिनसारखी प्रतिजैविके लोह किंवा कॅल्शियमबरोबर घेतल्यास नीट शोषली जात नाहीत. दोन्हींत काही तासांचे अंतर हवे. हातापायांना मुंग्या येत असतील, तर केवळ फॉलिक आम्ल घेत राहू नये. त्याने रक्त सुधारलेले दिसते, पण बी-१२ ची कमतरता असल्यास मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते. घरी लहान भावंडे असतील, तर लोहाच्या गोळ्या उंचावर, कुलपात ठेवाव्यात. गोळ्या गोड समजून खाणाऱ्या लहान मुलांच्या ती जिवावर बेतू शकते.

ताटातले औषध

ज्याचे जेवण चौरस आहे, जो उन्हात खेळतो आणि ज्याची तपासणी सामान्य आहे, अशा मुलाला मल्टिव्हिटॅमिनची गरज नाही. गरज कोणाला? ज्यांच्या आहारात दूध-अंडी जवळजवळ नाहीत, जे दीर्घ आजारातून उठले आहेत, ज्यांचे जेवण फारच तुटपुंजे आहे, किंवा तपासणीत ज्यांची कमतरता सिद्ध झाली आहे, त्यांना. त्यांनीही ती काही महिन्यांपुरती घ्यावी, पुन्हा तपासणी करावी व मगच पुढचे ठरवावे. ऐकीव गोष्ट पारखून घ्यावी ही आपली जुनी शिकवण आहे. ती गोळीच्या जाहिरातीलाही तितकीच लागू पडते.

बाकी सर्वांसाठी उत्तर ताटात आहे. अंबाडी, चवळी, शेवग्याचा पाला यांच्या भाज्या, मोड आलेली मटकी, भाजलेले शेंगदाणे, जवसाची वा तिळाची चटणी, ज्वारी-नाचणीची भाकरी, ताक, उकडलेले अंडे, ऋतूप्रमाणे पेरू, बोरे, आवळे हे सर्व आपल्या आजीला ठाऊक होते. ते गरिबीचे अन्न समजून आपण सोडले आणि त्याची जागा बिस्किटांच्या पुड्याने घेतली. सुट्टीवर आलेल्या मुलाला पालकांनी पुन्हा तीच भाकरी अभिमानाने वाढावी.

शेवटी माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. आपण संस्थेवर प्रेम करता आणि वाढदिवसाला, पुण्यतिथीला मुलांसाठी टॉनिकच्या पेट्या पाठविता. त्याऐवजी वर्षातून दोनदा हिमोग्लोबिन व सिकलसेल तपासणीचे शिबिर भरविण्यास हात द्यावा, आठवड्याच्या अंड्यांचा किंवा दुधाचा खर्च उचलावा, परसबागेत शेवग्याची रोपे लावावीत. आपल्यापैकी जे डॉक्टर, परिचारिका वा औषधनिर्माते झाले आहेत, त्यांनी वर्षातून एक दिवस येऊन मुलांना पाकीट वाचावयास शिकवावे. जो विद्यार्थी गोळीमागचा बारीक तक्ता स्वतः वाचू लागेल, तो उद्या आपल्या घराचे, वस्तीचे आणि समाजाचे आरोग्यही जाणतेपणाने सांभाळील, असा आमचा विश्वास आहे.